चकाकीला जागा नेमून देताना

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी नावाचं गाव आहे. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी, सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रपाच्या नावाची. पण त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर दुसऱ्याच राजाची मोहोर उमटलेली होती. नहपानाचा पाडाव केल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने ही नाणी वितळवण्याच्या भरीला न पडता त्यांच्यावरच आपला ठसा मारवला. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि त्याखाली नागमोडी रेघ, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. खाली नहपानाचा चेहरा, त्याभोवती मोडक्यातोडक्या ग्रीक अक्षरांतला लेख, मागे बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी. आणि या सगळ्यावर सातकर्णीचा डोंगर.

इतिहासकारांना हा साठा म्हणजे एका लढाईच्या निकालाचा पुरावा वाटतो, आणि तो आहेच. नाण्यांचे फोटो काढणाऱ्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. साधारण दीड सेंटिमीटर व्यासाच्या चकतीवर दोन राजांच्या खुणा एकमेकींत मिसळल्या आहेत आणि दोन्हींचा उठाव मिलिमीटरच्या काही अंशांपलीकडे नाही. दिवा एका बाजूला ठेवला की डोंगराच्या कमानी ठसठशीत वर येतात आणि चेहरा हरवतो. नाणं जागेवरच ठेवून दिवा थोडा फिरवला, की कमानीच्या पोटातून नाकाची रेघ निघते, मग हनुवटी, कधी कानाची पाळी. दिवा आणखी फिरवला तर दोन्ही राजे एका पांढऱ्या भगभगीत डागात नाहीसे होतात.

त्या पांढऱ्या डागाबद्दल मला लिहायचं आहे. नाण्यांचे फोटो काढायला लागलेला प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात विचारतो, ही चमक घालवायची कशी? संग्राहकांच्या बैठकीत, नाण्यांच्या प्रदर्शनात, ग्राहकाला फोटो पाठवणाऱ्या व्यापाऱ्याच्या टेबलापाशी हाच प्रश्न असतो. मला तो मुळातच उलटा वाटतो. धातूचं नाणं दिसतं ते चकाकीमुळेच. ती पुरती काढून टाकली तर नाणंच राहत नाही.

कारण धातू उजेडाशी वागतो तो कागदापेक्षा अगदी निराळा. कागदावर पडलेला उजेड आत थोडा शिरतो, विखुरतो आणि चहूकडे बाहेर पडतो. म्हणून कागद कुठूनही पाहिला तरी साधारण तेवढाच उजळ दिसतो. धातूत उजेड आत शिरू शकत नाही. पृष्ठभागावरचे मोकळे इलेक्ट्रॉन त्याला तिथल्या तिथे परतवतात, ज्या कोनात आला त्याच कोनात पलीकडे. सोन्याचा पिवळेपणा आणि तांब्याचा तांबूसपणासुद्धा या परतलेल्या उजेडातच असतो. तांबं निळा-हिरवा प्रकाश कमी परतवतं, तांबडा जास्त, एवढंच. म्हणजे चांदीच्या लखलखीत राणीछाप रुपयाचा फोटो हा खरं पाहता समोरच्या दिव्यांच्या हजारो बारीक प्रतिबिंबांचा फोटो असतो. राणीच्या केसांची प्रत्येक बट, मुकुटातला प्रत्येक खडा हा एकेक लहानसा तिरका आरसा आहे.

याची खात्री एका प्रयोगाने करून घेता येते. दिव्यापुढे ध्रुवण करणारी पोलरायझिंग फिल्म लावायची, लेन्सवर पोलरायझर चढवायचा आणि दोघांचे अक्ष काटकोनात आणायचे. आरशासारखं परतणारं प्रतिबिंब या जोडीतून जवळपास पूर्ण अडतं. तैलचित्राच्या वार्निशवरची चमक घालवायला ही युक्ती फार उत्तम. नाण्यावर लावली की चांदी शिशासारखी काळवंडते, सोनं मातकट होतं, आणि दिसत राहतो तो फक्त खाचांतला मळ. चमक गेली आणि तिच्याबरोबर नाणंही गेलं. नुसता लेन्सवर पोलरायझर लावून तर उघड्या धातूवर काहीच होत नाही, कारण पाण्यावरून किंवा काचेवरून परतताना उजेडाचं जसं ध्रुवण होतं तसं धातूवरून फारसं होत नाही. हा फिल्टर विकत घेऊन निराश झालेली मंडळी पुष्कळ आहेत.

तेव्हा काम आहे ते चकाकीला जागा नेमून देण्याचं. ती अक्षराच्या उतारावर पडावी, मैदानावर, म्हणजे अक्षरं आणि चित्र यांच्या भोवतालच्या सपाट मोकळ्या जागेवर, पडू नये. किंवा मैदानावर पडावी आणि अक्षर काळं उठावं. यातलं काय हवं ते नाणं पाहून ठरवायचं.

इथे थोडी भूमिती लागते, आणि ती एकदा डोक्यात बसली की पुढची निम्मी धडपड वाचते. कॅमेरा नाण्याच्या बरोबर माथ्यावर आहे, लेन्स सरळ खाली पाहते आहे असं धरा. नाण्याचा सपाट भाग आरसा असेल तर त्यात लेन्सचंच तोंड दिसणार. जो भाग १० अंशांनी कललेला आहे, तो उजेड २० अंशांनी वळवतो. म्हणून उभ्या रेषेपासून ३० अंशांवर ठेवलेला दिवा फक्त तेच उतार उजळवतो जे १५ अंशांच्या आसपास कललेले आहेत. दिवा खाली, टेबलालगत ८० अंशांवर नेला तर तो शोधतो ४० अंशांचे उतार, म्हणजे अक्षरांच्या उभ्या कडा फक्त. चेहऱ्यावरच्या गालाचा, कपाळाचा उतार असतो पाच-दहा अंशांचा. तो दाखवायचा तर दिवा लेन्सला जवळजवळ चिकटून, वरून, यायला हवा.

झिजलेलं नाणं दिसलं की दिवा खाली आडवा करायचा, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. झिजलेल्या पण चकचकीत चांदीचे उतार फार कमी झालेले असतात, तेव्हा तिला वरचा दिवा लागतो. आडवा उजेड लागतो तो काळवंडलेल्या, खरखरीत तांब्याला. तिथे वर ऑक्साइडचा थर असल्यामुळे पृष्ठभाग मातीच्या भिंतीसारखा वागतो, उजेड विखुरतो, आणि तिरप्या उजेडातली सावलीच आकार दाखवते. आधी धातू ओळखायचा, मग त्याची कातडी कशी आहे ते पाहायचं आणि मग दिवा हलवायचा.

राणीछाप रुपया अजूनही महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत लक्ष्मीपूजनाच्या तबकात असतो, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करू. वजन ११.६६ ग्रॅम, व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर. त्याचा नीट फोटो काढायला फार सामान लागत नाही, पण जे लागतं ते स्थिर लागतं. कॅमेरा वर-खाली सरकवता येणारा उभा स्टँड, सुमारे १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, दोन-तीन लहान एलईडी दिवे आणि त्यांना वाकवता येणाऱ्या माना. लांब पल्ल्याची लेन्स अशासाठी, की तिच्यामुळे लेन्स आणि नाणं यांच्यात दिव्याचा उजेड वरून शिरायला जागा उरते. लहान पल्ल्याची लेन्स नाण्याच्या उरावर बसते आणि स्वतःचीच सावली पाडते.

कॅमेरा नाण्याशी समांतर आहे की नाही हे पाहण्याची जुनी युक्ती मला फार आवडते. नाण्याच्या जागी एक छोटा सपाट आरसा ठेवायचा आणि पडद्यावर लेन्सचं प्रतिबिंब पाहायचं. लेन्सच्या तोंडाचं वर्तुळ चौकटीच्या बरोबर मध्यावर आलं की सगळं सरळ आहे. स्पिरिट लेव्हलपेक्षा ही पद्धत अचूक, कारण टेबल तिरकं असलं तरी बिघडत नाही. मग छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर. नाण्याचा उठाव अख्खा फोकसमध्ये यावा म्हणून लोक ते फार लहान करतात, एफ १६, एफ २२. इतक्या जवळून फोटो काढताना हे महागात पडतं. वस्तूची प्रतिमा सेन्सरवर मूळ आकाराएवढी पडते तेव्हा एफ ८ चं काम प्रत्यक्षात एफ १६ सारखं होतं, आणि त्याच्या पुढे विवर्तनामुळे सगळंच मऊ होत जातं. एफ ५.६ ते एफ ८ पुरे. उठाव फार असेल तर फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढून ते संगणकावर जोडायचे.

आता दिवे. नाणं घड्याळाची तबकडी मानलं तर एक दिवा १० वर, दुसरा २ वर, दोन्ही उंच, लेन्सच्या शेजारून डोकावणारे. उजेड वरच्या बाजूने यायला हवा, ही अट पाळावीच. आपल्या डोळ्यांना उजेड वरून येतो अशी जन्माची सवय आहे. तो खालून आला तर उठावाचा चेहरा आत खोदल्यासारखा दिसू लागतो, आणि एकदा तसा दिसला की मनाला कितीही समजावलं तरी उलटत नाही. दोन्ही दिव्यांची ताकद सारखी ठेवू नये. एक मुख्य, दुसरा त्याची सावली थोडी भरून काढणारा. दोघे सारखे झाले तर प्रत्येक अक्षराला दोन कडा येतात आणि चेहरा सपाट होतो.

दिव्यापुढे बटर पेपर लावावा का, यावर मतभेद आहेत. माझं मत सांगतो. नाण्याच्या दृष्टीने दिवा केवढा दिसतो यावर सगळं आहे. उघडा एलईडी म्हणजे एक ठिपका. त्याची चकाकी टोकदार, तीव्र. पुढे कागद लावला की तो ठिपका मोठा होतो, चकाकी पसरते, सौम्य होते. हे थोडं झालं तर उत्तम. पण नाण्याभोवती चारी बाजूंनी पांढऱ्या कापडाचा तंबू उभारण्याची जी पद्धत दागिन्यांच्या फोटोंवरून इकडे आली आहे, ती न झिजलेल्या नाण्याचा घात करते. टांकसाळीतून ताजं बाहेर पडलेल्या नाण्यावर ठशाच्या दाबाने धातू केंद्राकडून कडेकडे वाहिलेला असतो, आणि त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेघा पृष्ठभागावर राहतात. नाणं हातात धरून कलवलं की त्या रेघांवरून उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. संग्राहक याला कार्टव्हील म्हणतात, आणि नाणं कधी वापरलं गेलंच नाही याची ती सर्वांत भरवशाची खूण. तंबूत हे आरे मरतात. फोटो स्वच्छ येतो, एकही डाग नसतो, आणि राखाडी पत्र्याचा तुकडा समोर पडल्यासारखं वाटतं. लहान, उंच ठेवलेला दिवा आणि त्यापुढे फार तर ट्रेसिंग पेपरचा एक पदर, इतक्यावर थांबावं.

एक्स्पोजर नेहमी चकाकीच्या सर्वांत उजळ ठिकाणाला जपून ठरवायचं. सेन्सरचा जो कण एकदा भरून वाहिला, तिथे पांढऱ्याशिवाय काही उरत नाही आणि कुठलंही सॉफ्टवेअर ते परत आणत नाही. सावली मात्र पुष्कळ उचलता येते. म्हणून फोटो किंचित काळसर काढलेला बरा. आणि अंगात पांढरा सदरा नको. चकचकीत रुपयाच्या मैदानात खोलीतली प्रत्येक पांढरी वस्तू उतरते. खिडकी, भिंतीवरचं कॅलेंडर, फोटो काढणाऱ्याची छाती.

लक्ष्मीपूजनाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट कळकळीने सांगतो. दिवाळीच्या आदल्या दिवशी चिंच, राख किंवा भांडी घासायची पूड लावून चांदीचे रुपये लखलखीत करण्याची आपल्याकडे रीत आहे. श्रद्धा समजते, पण नाण्याचं नुकसान कायमचं होतं. घासण्याने पृष्ठभागावर एकाच दिशेने जाणारे हजारो केसासारखे ओरखडे पडतात. साध्या नजरेला नाणं उजळ दिसतं. वरचा दिवा थोडा फिरवला की एका कोनात ते सगळे ओरखडे एकदम पेटून उठतात, आणि त्या धातूवर दीडशे वर्षांत हळूहळू चढलेला रंगाचा थर गेलेला कळतो. चांदीवरचा तो निळसर, जांभळट, सोनेरी रंग म्हणजे सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ पापुद्रा. साबणाच्या फुग्यावर दिसतात तसेच हे रंग प्रकाशलहरींच्या व्यतिकरणातून येतात. ते एकदा घासून काढले की तेच रंग परत येत नाहीत. पूजेत नाणं आहे तसंच ठेवावं. धूळ असेल तर मऊ ब्रशने झटकावी.

शिवराईकडे वळलं की सगळे नियम बदलतात. तांब्याची हातघडणीची चकती, एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांची कड. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, म्हणून अख्खा लेख क्वचितच एका नाण्यावर येतो. कुणाला ‘श्री’ अर्धी मिळते, कुणाला ‘ति’ नुसती. शिवाय शिवछत्रपतींच्या नंतरही ही नाणी कित्येक ठिकाणी, कित्येक दशकं पाडली गेली. खोदणारे निराळे, अक्षराचं वळण निराळं. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’. अभ्यासक या फरकांवरून शिवराईचे प्रकार लावतात, आणि फरक कसले, तर ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचे, अनुस्वारासारख्या एखाद्या ठिपक्याचे, दोन ओळींमधल्या आडव्या रेघेचे. दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई ओळखू येते ती त्या रेघांवरूनच.

म्हणजे शिवराईचा फोटो हा वाचनासाठी काढायचा फोटो आहे. तांबं काळपट चॉकलेटी झालेलं, काही ठिकाणी हिरवट, वर शंभर-दोनशे वर्षांच्या हातांची झीज. इथे दिवा खाली आणायचा, टेबलापासून १५-२० अंशांवर, आणि नाणं न हलवता दिवाच गोल फिरवत नेत पडद्याकडे पाहायचं. देवनागरी अक्षरांच्या उभ्या काना-दांड्या बाजूने आलेल्या उजेडात उठतात, शिरोरेघ आणि आडव्या ओळी वरून आलेल्या उजेडात. वेलांटीचा बाक तर त्याच्या वळणाला काटकोनात उजेड आला तरच दिसतो. त्यामुळे एका फोटोवरून ‘इथे वेलांटी नाही’ असं लिहिण्याचा अधिकार कुणालाही नाही. निदान दोन फोटो हवेत, एक डावीकडून वरच्या उजेडाचा आणि एक उजवीकडून वरच्या. नाण्यांच्या पुस्तकांत जागा वाचवण्यासाठी एकच छापतात, हे मला पटत नाही. वाचकाला दोन्ही द्यावेत.

अगदी दुसऱ्या टोकाला प्रूफ नाणी. आपल्या टांकसाळी संग्राहकांसाठी ती वेगळी पाडतात. मुंबईच्या टांकसाळीच्या साध्या नाण्यांवर हिऱ्याच्या आकाराची चौकोनी खूण असते, प्रूफवर पूर्वी ‘बी’ आणि पुढे ‘एम’ हे अक्षर. गांधी जन्मशताब्दीचं १९६९ सालचं चांदीचं १० रुपयांचं नाणं त्यातलं बऱ्याच मराठी घरांत पोचलेलं. प्रूफ नाण्याचं मैदान खराखुरा आरसा असतं. माथ्यावरून पाहिलं तर त्यात लेन्सचं काळं तोंड दिसतं, म्हणून चांगल्या फोटोंत मैदान गडद काळं आणि चेहरा पांढरा येतो. तो काळा रंग नाण्यावर कुठेही नाही. तिथे कॅमेराच दिसतो आहे. गोल रिंगलाइट लावून प्रूफचा फोटो काढणाऱ्यांना मैदानात पांढरं कडं उमटलेलं मिळतं, ते याच कारणाने.

प्रूफसाठी, रंग चढलेल्या चांदीसाठी आणि ज्यांचा उठाव जवळपास गेला आहे अशा चकचकीत नाण्यांसाठी एक फार सुंदर पद्धत आहे. नाणं आणि लेन्स यांच्यामध्ये साध्या काचेचा तुकडा ४५ अंशांत तिरका धरायचा. दिवा बाजूला, काचेच्या उंचीवर, आडवा. त्याचा थोडा उजेड काचेवरून परतून सरळ खाली नाण्यावर पडतो, नाण्याचं मैदान तो सरळ वर परतवतं आणि काचेतून आरपार लेन्समध्ये येतो. दिवा जणू लेन्सच्याच जागी आला. आता मैदान उजळतं आणि अक्षरांचे उतार काळे पडतात, नेहमीच्या फोटोच्या बरोबर उलट. सल्फाइडच्या पापुद्र्याचे रंग आरशाच्या कोनातच दिसतात, म्हणून ते इथे भरगच्च उमटतात. काच ४५ अंशांत जेमतेम दहावा हिस्सा उजेड वळवते, बाकीचा सरळ निघून जातो, त्यामुळे एक्स्पोजर लांबतं आणि शटर दूरनियंत्रकाने दाबावं लागतं. निघून गेलेला उजेड पलीकडच्या भिंतीवर पडून काचेवाटे लेन्समध्ये परत येऊ नये म्हणून त्या बाजूला काळी मखमल टांगायची. ते विसरलं तर अख्ख्या फोटोवर दुधाळ पडदा येतो. काचेवरची धूळही दिव्याच्या उजेडात चमकून तोच त्रास देते, म्हणून काच आधी स्वच्छ पुसायची.

प्लास्टिकच्या डबीत बंद केलेली नाणी हा हल्ली वाढलेला प्रकार. पीसीजीएस १९८६ साली आणि एनजीसी १९८७ साली अमेरिकेत सुरू झाल्या, आणि या संस्थांनी दर्जा ठरवून डबीबंद केलेली नाणी आता आपल्या बाजारातही दिसतात. डबीवरच्या चमकेवर पोलरायझर चालेल असं वाटतं, कारण प्लास्टिक हा धातू नाही. पण प्लास्टिकवरून परतलेल्या उजेडाचं ध्रुवण नीट होतं ते उभ्या रेषेपासून ५६ अंशांच्या आसपास. कॅमेरा माथ्यावर असताना डबीवरची प्रतिबिंबं त्याच्या कितीतरी आतल्या कोनातून येतात. दिव्यालाही फिल्म लावली तर साच्यात ओतताना प्लास्टिकमध्ये राहिलेले ताण इंद्रधनुषी पट्ट्यांसारखे उमटतात. साधा उपाय चांगला. दिवे किंचित खाली घ्यायचे, म्हणजे डबीच्या सपाट पृष्ठभागावरचं प्रतिबिंब लेन्सच्या बाहेर जातं, आणि डबीवरची धूळ आणि बोटांचे ठसे आधी मऊ कापडाने पुसायचे.

जुन्या लोकांनी या सगळ्या कटकटीतून वेगळीच वाट काढली होती. एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्याच्या पूर्वार्धातल्या अनेक नामांकित नाणेसूचींत जे फोटो दिसतात ते नाण्यांचे नाहीतच. नाण्याचा ठसा घेऊन त्यात प्लास्टर ओतायचं आणि त्या पांढऱ्या प्रतिकृतीचा फोटो काढायचा. प्लास्टर उजेड विखुरतं, चकाकी नाही, डाग नाही. सोनं, चांदी, शिसं, सगळं एका रंगात, शेजारी शेजारी तुलना करता येईल असं. तज्ज्ञांच्या दोन पिढ्या या पांढऱ्या चकत्या पाहत शिकल्या. गमावलं ते धातूचं अंग. रंग, गंज, घासल्याच्या खुणा, बनावट ओतीव नाण्यावरचे बारीक खड्डे, यातलं प्लास्टरवर थोडंच उतरतं.

जोगलटेंभीच्या साठ्याचा अहवाल रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. हजारो नाणी हाताळताना त्यांच्या लक्षात आलं की नहपानाचे चेहरे एकसारखे नाहीत. कुठे तरुण, कुठे म्हातारा, नाकडोळे निराळे. नहपानाच्या नावाखाली घराण्यातल्या वेगवेगळ्या पुरुषांचे चेहरे कोरले असावेत असा तर्क त्यांनी मांडला. तो तर्क पुढे सर्वांनी मान्य केला असं नाही. पण अशा प्रश्नाचा निकाल लावायचा तर शेकडो चेहरे एकाच बाजूने, एकाच उंचीवरून आलेल्या उजेडात समोर मांडायला हवेत. एका फोटोत उजेड डावीकडून आणि दुसऱ्यात उजवीकडून असला तर तोच ठसा दोन माणसांचा वाटतो.

पुनर्मुद्रांकित, म्हणजे जुन्या ठशावर नवा ठसा मारलेल्या, नाण्यांसाठी आज जी पद्धत मला सर्वांत योग्य वाटते ती २००१ साली एचपीच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या कल्पनेतून आली. कॅमेरा आणि नाणं हलवायचं नाही. दिवा घुमटासारख्या अर्धगोलात फिरवत वेगवेगळ्या जागांवरून काही डझन फोटो काढायचे. शेजारी एक चकचकीत काळी गोळी ठेवायची. तिच्यावरच्या चकाकीच्या ठिपक्यावरून प्रत्येक वेळी दिवा नेमका कुठे होता हे संगणक काढतो. मग फोटोतल्या प्रत्येक बिंदूचा उतार मोजला जातो, आणि पडद्यावर माउसने दिवा हवा तिथे फिरवता येतो. रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग हे तिचं नाव. शिलालेख, ताम्रपट, भित्तिचित्रं यांच्यावर ती जगभर वापरली जाते. लखलखीत चांदीवर ती थोडी कमी पडते, पण काळवंडलेल्या नाण्यांवर आणि तांब्या-शिशावर तिच्याइतकं वाचता येणारं दुसरं काही नाही. जिथे पूर्वी एका फोटोत छायाचित्रकाराने ठरवलेला उजेड मिळायचा, तिथे आता वाचक स्वतः दिवा फिरवतो.

हे महत्त्वाचं आहे, कारण दिवा कुठे ठेवायचा यात बाजाराचाही हात असतो. घासलेलं नाणं एका विशिष्ट कोनात ओरखडे लपवतं. भरपूर पसरलेला उजेड ओतीव बनावट नाण्याचे खड्डे बुजवतो. शिवकालीन होन आणि शिवराई यांच्या नकला बाजारात आहेत, आणि त्या फोटोवरून विकल्या जातात. विकत घेणाऱ्याने एकाच सुंदर फोटोवर समाधान मानू नये. दोन दिशांच्या उजेडातले फोटो मागावेत, आणि कडेचा फोटो आवर्जून मागावा. ओतीव नाण्याचा सांधा कडेवर असतो, आणि विक्रेते कडेचा फोटो क्वचितच देतात.

कॅमेरा नसला तर फोनवरही बरंच होतं. फ्लॅश बंद. फोन नाण्याजवळ नेऊ नये, कारण त्याची रुंद लेन्स कडा फाकवते आणि फोनच उजेड अडवतो. पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर फोन आडवा ठेवावा, टेलिफोटो लेन्स असेल तर ती निवडावी, नाहीतर अंतर राखून नंतर कापावं. ऊन थेट न येणाऱ्या खिडकीपाशी बसावं, खिडकी फोटोच्या वरच्या बाजूला येईल असं. एखादा पांढरा कागद दुसऱ्या बाजूला उभा केला की सावली भरते. संग्रहालयातली नाणी, मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय असो की आणखी कुठलं, काचेमागे असतात. तिथे फोटोची परवानगी असेल तर लेन्स काचेला अगदी टेकवावी, म्हणजे मागचे दिवे काचेत उतरत नाहीत.

नाशिकजवळ अंजनेरीला डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. नाण्यांची छायाचित्रं जमवणं हे तिच्या कामातलं महत्त्वाचं अंग होतं, आणि ते का हे समजायला जोगलटेंभीपर्यंतच जावं लागतं. साठा सापडतो एकत्र आणि मग फुटतो. काही नाणी या संग्रहालयात, काही त्या, काही खासगी पेट्यांत, काही सोनाराच्या मुशीत. एकत्र असतानाचा साठा उरतो तो फोटोत आणि नोंदीत.

शेतात नांगरताना, जुन्या वाड्याचा पाया खणताना अजूनही मडकी निघतात. १८७८ च्या कायद्यानुसार १० रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. ते कळवण्यापूर्वीच फोनवर फोटो काढून ठेवा. मडकं जागेवर असताना, नाणी न धुता, न घासता. शेजारी पट्टी किंवा चालू नाणं ठेवा, म्हणजे माप कळेल. मग एकेका नाण्याच्या दोन्ही बाजू आणि कड, वरून डाव्या उजेडात एकदा आणि वरून उजव्या उजेडात एकदा. नोंदीत तारीख, गाव, गट नंबर, वजन, व्यास, आणि प्रत्येक फोटोपुढे उजेड कुठून आला तेही लिहा: ‘डावीकडून वर’ किंवा ‘उजवीकडून वर’.